दोनदा वाजलं की

मिस्त्रीच्या घरी फोन वाजला की तो उचलायचा नाही, असा दंडकच होता.

उचलून करणार काय? विहिरींच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरून देण्यात मिस्त्रीचं सगळं आयुष्य गेलं होतं आणि त्या मोटरींनी त्याचे कान खाल्ले होते. समोर उभं राहून, ओठ दिसतील असं सावकाश बोललं, तर त्याला बरंचसं कळे. फोनमधल्या माणसाला ओठ नसतात. आणि फोन करणाऱ्यांच्या फोनमध्ये तरी बोलण्याइतका बॅलन्स कुठे असायचा? म्हणून आसपासच्या सगळ्या मळ्यांत एक रीत पडून गेली होती. ती कोणी पाडली ते आता कोणालाच आठवत नव्हतं. मोटर जळली की मिस्त्रिणीच्या फोनवर मिसकॉल द्यायचा. एकदा वाजवून तोडला, तर मोटर घेऊन येतोय, घरी थांबा. दोनदा वाजवून तोडला, तर तुम्हीच या, मोटर इथून हलत नाही. तीनदा, म्हणजे झाली का? झाली असली तर मिस्त्रीण उलट एकदा वाजवायची. नसली तर गप्प बसायची, आणि पलीकडचा काय ते समजायचा.

ह्या रितीत एकच गोम होती. वाजणं ऐकायला कोणीतरी जागेवर लागायचं. मागाहून फोनवर बघितलं तर कोणाचा येऊन गेला ते कळे, किती वेळा वाजला ते कळत नसे. ते कान मिस्त्रिणीचे. फोन कायम तिच्या कमरेला खोचलेला. न्हाणीत गेली तर दाराबाहेर स्टुलावर. डोक्यावर घेतलेला तांब्या तसाच धरून ती कान द्यायची. लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजायचे असत, आणि नेमका त्याच वेळी तो वाजायचा. मग वेढ्यांचा आकडा चुकायचा आणि सगळी कॉइल उलगडून पहिल्यापासून. सकाळी देवापुढे बसली तरी तोंडात देवाचं नाव आणि मनात वाजण्याची मोजदाद. ह्याची तिला आतून फार लाज वाटायची. पण देवाला सगळं दिसतं, तेव्हा हेही दिसत असेल, असं म्हणून ती नमस्कार करून उठायची.

यंदा विहिरी लवकर तळाला गेल्या. पाणी शोधत मोटरी कोरड्याच फिरायच्या आणि जळायच्या. असं साल म्हणजे मिस्त्रीच्या हाताला उसंत नसायचं साल. पण मिस्त्रीची कंबर ह्याच साली बसली. सायकलला मोटर बांधून मळ्यामळ्यांतून हिंडणं संपलं. एकदा तो विहिरीच्या काठावर वाकला तो सरळच होईना. दोघांनी काखेत हात घालून त्याला बैलगाडीत आणून घातला. त्यानंतर दोघांनी ठरवलं, आता आपण जायचं नाही, लोकांनी आपल्याकडे यायचं. जिथं मोटर निघतच नाही तिथं त्यांनी गाडी पाठवायची. रस्त्याला लागून पत्र्याचा एक गाळा रिकामा होता, तो घेतला. साचा, हातोड्या, वॉर्निशचे डबे, तारेची रिळं सगळं घरातून तिकडे नेलं. घराच्या पडवीला तारेचा वास राहिला, एवढंच.

दुकान थाटलं म्हटल्यावर लेक आणि जावई आले. जावई शहरात फोनच्या दुकानात कामाला. माणूस सज्जन, बोलायला गोड, आणि हातात कायम दोन फोन.

"आई, धंदा म्हटला की फोनही धंद्यासारखा पाहिजे," तो म्हणाला. "हा कमरेचा फोन आता पुरे."

"काय म्हणतायत?" मिस्त्रीनं बायकोला विचारलं.

तिनं कानाशी मूठ नेऊन दाखवली. "फोन! नवा!"

"मग घ्या की. मला काय गाणं म्हणून दाखवणार आहे तो?"

जावई उठला आणि एक फोन डोक्यावर धरून गाळ्यात हिंडू लागला. कोपऱ्यात गेला, मोटरीच्या ढिगावर चढला, मग दारात जाऊन उभा राहिला. मिस्त्री कामावरून मान वर करून बघत होता.

"काय हरवलंय त्यांचं?"

"रेंज हो, बाबा, रेंज," लेक हसत म्हणाली.

"इथं यायच्या आधीच गेलेली असणार."

रेंज दारात होती, आत पत्र्यामुळे अजिबात नव्हती. जावयानं बाकावर बसून एकेक समजावून सांगितलं. सिमकार्डाचा डबा मिळतो, तो टॉवरवरून इंटरनेट ओढतो. पण तो दारात टांगावा लागेल, आणि दारात टांगला तर सकाळी तिथं असेलच असं नाही. पत्र्यावर छत्री बसवता येते, ती थेट आभाळातून घेते. पण ती महाग, आणि ह्या पत्र्यावर वावटळीत छत्री राहील की पत्राच जाईल, सांगता येत नाही. तिसरी वायर. रस्त्याच्या खांबापर्यंत ती आलेलीच आहे. तिथून गाळ्यात ओढून घ्यायची, म्हणजे इंटरनेटही त्यातून आणि फोनही त्यातून.

"वायर बरी," मिस्त्रीण म्हणाली. तिचा जन्म वायर गुंडाळण्यात गेला होता. दिसते, हाताला लागते, कुठे तुटली ते शोधता येतं.

"आणि आई, वायरचा फोन स्वतःच फोन उचलतो. तुमचा जुना नंबर बदलायचा नाही, तोच इकडे वळवायचा. कोणी लावला की मशीन बोलणार. काय काम आहे, कोणता मळा, सगळं विचारणार. माणूस बोलला की ते साठवून ठेवणार. तुम्ही सवडीनं ऐका."

मिस्त्रिणीचे हात साच्यावर थांबले.

"म्हणजे माझ्याकडे वाजणार नाही?"

"वाजायचा प्रश्नच नाही. पहिल्याच रिंगला तो घेणार."

"आणि मी आडवी झाले असले तर?"

"खुशाल झोपा."

पुढं तिनं काहीच विचारलं नाही. लेकीनं विचारलं, महिन्याचं किती, बंद पडला तर कोण येणार, वीज गेली तर काय. मिस्त्रिणीच्या कानात 'खुशाल झोपा' हे दोन शब्द तेवढे राहिले. थकलेलं माणूस स्वतःच्या कामाचं तेवढंच ऐकतं. शिवाय मशीन जावई स्वतःच्या पदरचं देत होता. जावयाला नाही कोण म्हणेल?

मशीनमधला आवाज लेकीनंच दिला. भर उन्हात गाळ्याचं दार लावून घेतलं, तिघंजण श्वास रोखून बसले, आणि लेक फोनपुढे तोंड करून म्हणाली, "नमस्कार. मिस्त्री मोटर दुरुस्ती केंद्रात आपलं स्वागत आहे. मोटर जळली असल्यास एक दाबा. झालेल्या मोटरीची चौकशी करायची असल्यास दोन दाबा." उन्हानं पत्रा कडकडला, की पुन्हा. घामानं तिचं कपाळ निथळत होतं. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होता.

"स्वागत कशाला?" तो म्हणाला. "जळलेली मोटर घेऊन येणाऱ्याचं कोणी स्वागत करतं का? तो आधीच शिव्या देत येतो."

सगळे हसले. लेकीचं हसणंही आत गेलं, म्हणून पुन्हा एकदा.

चार दिवसांनी वायरवाला आला, खांबावर चढला, गाळ्याच्या कपाळाला भोक पाडून गेला. आत एक पांढरा डबा हिरवे दिवे लावून बसला. फोन वळवला गेला. मिस्त्रिणीनं कमरेचा फोन काढून फळीवर ठेवला. कमरेला त्याचा घट्टा पडला होता. तिथं तिचा हात उगाच जाऊन यायचा.

त्या दिवशी तिनं न्हाणीचं दार लावून डोक्यावरून पाणी घेतलं आणि पाण्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. दुपारी गाळ्याच्या मागच्या दाराबाहेर, जिथं वॉर्निश लावलेल्या मोटरी वाळत ठेवायच्या तिथं सावलीत, गोणपाट टाकून ती आडवी झाली. उठली तेव्हा उन्हं कलली होती आणि गालावर गोणपाटाची जाळी उमटली होती. तिला क्षणभर कुठे आहोत तेच कळेना. मग ती घाबरून मिस्त्रीकडे गेली. तो शांतपणे जुनी तार हुकानं ओढून काढत होता.

"कोणी आलं होतं?"

"कोणी नाही. झोप की."

ती आणखी झोपली नाही, पण आपल्याला झोपता आलं असतं, हेच सुख फार होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा झोपली. तिसऱ्या दिवशीही. सकाळी देवापुढे बसली तेव्हा सगळं देवाचंच आठवलं, मधे काही आलं नाही.

हातातल्या मोटरी संपत आल्या. नव्या येईनात.

पहिल्यांदा दोघांनी ते मनावर घेतलं नाही. दुकान नवं, लोकांना घरी जायची सवय, शोधत येतील. मिस्त्रीनं रिकाम्या वेळात हत्यारं घासली. घासलेली पुन्हा घासली. तारेची रिळं जाडीप्रमाणे लावली. एका सकाळी मिस्त्रीण दारात झाडत होती. समोरून विहिरीवाल्या म्हातारबांची गाडी गेली, गाडीत त्यांची जुनी मोटर. ती मोटर मिस्त्रीण दुरूनही ओळखायची. तिच्या पोटातली प्रत्येक कॉइल तिनंच भरलेली होती. म्हातारबांनी गाळ्याकडे बघितलं. मिस्त्रिणीनं झाडू खाली ठेवून पदर सारखा केला. म्हातारबांनी मान दुसरीकडे वळवली आणि बैल चौकाच्या बाजूला हाकले. चौकात दुसरा एक मोटर भरणारा होता. नवशिक्या, हात चांगला पण तार पातळ वापरायचा.

"म्हातारबा गेले," ती आत येऊन म्हणाली.

"कुठे?"

तिनं चौकाच्या दिशेनं बोट दाखवलं. मिस्त्रीनं तिच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि पुन्हा पक्कड पुसायला घेतली.

"माझं काही चुकलं असेल," तो म्हणाला. "मागच्या खेपेला त्यांचं बेअरिंग जुनंच घातलं होतं. सांगूनच घातलं होतं, पण..."

त्या दिवसापासून तो आपली चूक शोधत बसला. कोणाला काय बोललो, कोणाची मोटर उशिरा दिली. ऐकू न येणाऱ्या माणसाला हा एक जाच असतो. आपलं कोणाला उत्तर द्यायचं राहिलं का, हेच त्याला कधी कळत नाही. एके सकाळी मिस्त्रीण नळावर गेली असताना त्यानं सायकल काढली आणि मळ्यांकडे काम मागायला निघाला. वाटेवरच्या चढालाच त्याची कंबर धरली. दुधाच्या गाडीवाल्यानं त्याला आणि सायकलला गाळ्यापुढे उतरवलं. "बाई, ह्यांना बांधून ठेवा," असं हसून सांगून तो गेला. मिस्त्रीणही हसली. मग दार ओढून घेऊन तिनं नवऱ्याला पालथं झोपवलं आणि त्याच्या कमरेवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबत राहिली. त्याच्या पाठीचे मणके उन्हाळ्यातल्या ढोरासारखे वर आले होते.

"कोणी काम दिलं?" तिनं त्याच्या तोंडासमोर वाकून विचारलं.

"पोचलोच नाही," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नळावर तिला मळेवाली भेटली. रस्त्याखाली तिचा भाजीचा मळा, बाई एकटी, तोंडानं तिखट. वर्षानुवर्षं मिस्त्रीकडेच मोटर. रांगेत तिच्या घागरी मिस्त्रिणीच्या पुढे होत्या. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"काय गं, बोलत नाहीस?"

"बोलायला बॅलन्स लागतो. माझा तू खाल्लास."

रांगेतल्या दोघीतिघी खुदकन हसल्या. मिस्त्रिणीला काही कळेना.

"मी?"

"मग कोण? मोटर जळली, दोनदा वाजवून तोडावं म्हणून लावला, तर एकदा वाजतो न वाजतो तोच टपकन उचललास! पुन्हा लावला, पुन्हा उचललास. वर ती कोण शहाणी बसवलीयस, ती माझं स्वागत करते. इथं माझी वांगी माना टाकून पडलीत आणि ही स्वागत करतेय."

"ती माझी लेक गं."

"असेल लेक. आवाज गोड आहे. पण माझे पैसे गेले ना?"

"अगं, एक दाबायचं होतं."

"कशानं दाबू? हात कोपरापर्यंत चिखलात. आणि माझ्या फोनचं एकाचं बटण गेलंय कधीचं. दोन दाबलं. तर म्हणते, झालेल्या मोटरीची चौकशी! माझी मोटर अजून विहिरीत, आणि ती झाली कधी?"

आता सगळी रांगच हसली. मिस्त्रीणही हसली असती. पण मळेवाली घागर नळाखाली सरकवत, आवाज खाली आणून म्हणाली, "हसण्यावारी नको नेऊस. लोक काय म्हणतात माहितीय? मिस्त्री मोठा झाला, आता त्याला आपले मिसकॉल चालत नाहीत. म्हातारबा तर म्हणाले, मिसकॉल उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. गेले सगळे चौकात. मीही गेले. काय करू? वांग्यांना तुझा माझा जुना संबंध कळत नाही."

मळेवाली गेली आणि नळाखालची मिस्त्रिणीची घागर भरून वाहू लागली. कोणीतरी ओरडलं, तेव्हा तिनं ती उचलली.

वाटेनं पाणी हिंदकळून तिची बाजू भिजली. इतकी वर्षं कमरेला बांधून हिंडले, वेढ्यांबरोबर ज्याची मोजदाद केली, ते त्या दिवशी आपल्या मनातच कसं आलं नाही? जावयाला काय माहीत असणार. तो शहरातला, तिथं फोन बोलायसाठी असतो. लेकीच्या हे सगळं अंगवळणी पडलेलं, म्हणून तिला त्याचं काही वाटलं नसणार. पण आपण? पहिल्याच रिंगला घेणार म्हणाले, हे आपल्या कानांनी ऐकलं. ऐकलं आणि झोपेचा विचार केला. तिकडे दुसऱ्याच्या वांग्यांनी माना टाकल्या आणि इकडे आपण गोणपाटावर निवांत पडलो होतो.

घागर उतरवून ती मिस्त्रीसमोर बसली आणि ओठ मोठे करून सगळं सांगितलं. तो एकेक शब्द टिपत होता. मग त्याच्या तोंडावर एकदम उजेड आला.

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"नाही हो. तुमचं काही नाही. चुकलं ते माझं."

"बेअरिंगचं नव्हतं तर," तो म्हणाला आणि अंग हलकं झाल्यासारखा भिंतीला टेकला. तिच्या चुकीचं त्यानं काहीच मनावर घेतलं नाही. तिला ते बरंही वाटलं आणि थोडं टोचलंही.

निरोप गेला तशी लेक आणि जावई सुट्टीच्या दिवशी आले. जावयानं मशीनमध्ये साठलेलं बोलणं मोठ्या आवाजात लावलं. खूप होतं. पहिल्यात नुसता वाऱ्याचा आवाज. दुसऱ्यात कोणीतरी म्हणालं, "हॅलो, हॅलो, कोण ही बाई? मिस्त्रिणीला दे की." मग लेकीचा आवाज, एक दाबा. "तू बाजूला हो गं, मिस्त्रिणीला दे म्हणतो ना!" तिसऱ्यात दोघं एकदम बोलत होते, "तोड, तोड, पैसे चालले, तोड लवकर!" आणि एकात म्हातारबांचा खोकला, आणि सावकाश, "राहू दे. घेतला त्यांनी."

जावयानं ते तिथंच थांबवलं. त्याचे कान लाल झाले होते. मिस्त्रिणीला त्याची दया आली.

"तुमचं काही नाही हो जावईबापू. मशीन चांगलं आहे. आमची माणसं वेडी आहेत."

"आई, मी बदल करतो. पाच रिंगा झाल्यावर घेईल असं लावतो. म्हणजे मिसकॉलला मिसकॉल."

"आणि किती वाजल्या, ते सांगेल का ते?"

त्यानं दोन्ही फोनवर बराच वेळ शोधलं. "कोणाचा आला होता ते सांगेल," तो शेवटी म्हणाला. "किती वाजल्या ते... नाही. ते कोणीतरी ऐकायला लागेल."

"कोणीतरी," मिस्त्रीण म्हणाली.

लेकीला ते सहन झालं नाही. "आई, मग लोकांना शिकव ना. बोला म्हणावं. सगळं जग बोलतं. तू किती वर्षं अशी कानांना दावं बांधून घेणार?"

"शिकवेन गं. पण शिकेपर्यंत बाबांनी काय करायचं? पाऊस पडला की मोटरीचं काम संपतं. हेच चार दिवस आहेत. तुझे बाबा परवा सायकल घेऊन काम मागायला गेले होते, हे सांगितलं का त्यांनी तुला?"

लेकीनं बापाकडे बघितलं. त्याला ऐकू आलेलं नव्हतं. तो जावयाच्या हातातल्या फोनकडे कौतुकानं बघत होता. जावयाच्या ओळखीतल्या कोणीतरी मोटरीवरच्या माहितीच्या पाटीचा फोटो पाठवला होता आणि तो बोटानं मोठा होत होता. "हे ठेवा," तो म्हणाला. "हे चांगलं आहे. पाटी वाचली की किती तार लागेल ते मोटर यायच्या आधीच कळतं."

म्हणून वायर राहिली, इंटरनेट राहिलं, हिरवे दिवे राहिले. फोन तेवढा परत मिस्त्रिणीकडे वळला. लेकीचा आवाज मशीनमधून काढायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीण म्हणाली, "थांबा," आणि जावयाच्या फोनवरून एकदा लावून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "काढा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळ्यामळ्यांतून सांगायला निघाली. फोनवरून सांगायची सोय नव्हती. तिचा नंबर दिसला की लोक मोटर झाली असं समजायचे. पायांना तापलेली ढेकळं टोचत होती. प्रत्येक बांधावर तेच, आता पहिल्यासारखं वाजवा, कोणी उचलणार नाही. आणि प्रत्येक बांधावर टोमणा ठरलेला. "काय मिस्त्रीणबाई, ऑफिस बंद केलं का?" "आता आमचं स्वागत कोण करणार?" ती हसून घ्यायची. म्हातारबांनी तिला बसायला घोंगडी टाकली आणि पाणी दिलं. फोनचा विषयच काढला नाही. ती उठताना फक्त म्हणाले, "चौकातल्यानं तार पातळ घातलीय. महिनाभर चालली तर खूप." माफी मागायची आणि द्यायची, दोन्ही त्यात उरकलं.

शेवटी मळेवाली. ती वाफ्यात वाकून वाळलेली पानं खुडत होती.

"म्हणजे आता वाजवू ना?"

"वाजव." मिस्त्रीण बांधावर उभी होती. इतका वेळ सगळीकडे जे मनात होतं आणि तोंडातून निघालं नव्हतं, ते तिथं निघालं. "पण एक ऐक. दुपारचं नको वाजवूस. जेवणं झाली की उन्हं कलेपर्यंत. तेवढा वेळ मी आडवी होणार."

मळेवालीनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. मिस्त्रिणीला वाटलं, आता काहीतरी तिखट येणार.

"आणि दुपारी मोटर जळली तर?"

"तर जळली. उन्हं कलल्यावर वाजव."

"मोटर तुला विचारून जळते होय?"

"मला नको विचारू दे. तू तरी थांब."

मळेवाली पुन्हा वाफ्यात वाकली. थोड्या वेळानं खुडलेली पानं झटकत म्हणाली, "बरं. सांगते बाकीच्यांनाही." आणि मग, तिला न राहवून, "साहेबीण!"

आठवड्याभरात गाळ्यापुढे गाड्या लागू लागल्या. चौकातून दोन मोटरी परत आल्या. मिस्त्री बसल्या बसल्या तार ओढायचा. कमरेला उशी, पुढ्यात मोटर. मिस्त्रीण रेंजसाठी साचा दारात घेऊन वेढे मोजायची. बोटांच्या पेरांना तारेनं पुन्हा चिरा पडल्या. फोन कमरेला घट्ट्यावर जाऊन बसला. दुपारी मात्र ती नेमानं गोणपाट टाकायची, आणि दुपारी खरंच कोणी वाजवत नव्हतं. ती डोळे मिटून पडायची आणि न वाजणारा फोन ऐकत राहायची.

मग एका दुपारी तो वाजला. एकदा. दोनदा. तुटला.

तिनं फोन डोळ्यांसमोर धरला. मळेवालीचा नंबर होता. म्हणजे अगदी टेकीला आली असणार, नाहीतर तिनं शब्द मोडला नसता. वाफा डोळ्यांसमोर आला, तिची वाकलेली पाठही आली.

मिस्त्री हुक खाली ठेवून मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. फोन वाजला की बायकोची मान कशी होते ते त्याला माहीत होतं. त्याचा चेहरा उकाड्यानं काळवंडला होता आणि सकाळपासून तो एका जागी बसून होता.

"वाजला?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. ओठ नीट दिसतील असं म्हणाली. "तुम्हीही पडा जरा."

त्याला ते खरं वाटलं. तो भिंतीला धरून सावकाश खाली बसला, तिच्या शेजारी गोणपाटाच्या कडेला आडवा झाला आणि पाठ टेकताच घोरू लागला. तिनं त्याच्या अंगावरची माशी हाकलली. मग ती तशीच उताणी पडून राहिली. डोळा लागला नाही. पत्रा कडकडत होता. देवाचं नाव घ्यायला जीभ वळेना, म्हणून तिनं तेही घेतलं नाही. नुसती सावली बघत राहिली.

सावली उंबऱ्यापर्यंत आली तेव्हा ती उठली. माठातल्या पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि नवऱ्याच्या खांद्याला हलवलं.

"उठा," ती म्हणाली. "आत्ताच वाजला. मळेवालीचा आहे, दोनदा. तिच्याकडे गाडी नाही, कोणाची तरी बघते."